शिक्षकांसाठी कमरेचा माइक: कोणता घ्यावा, कसा लावावा, कुठे अडतो

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या दोन आठवड्यांत स्टाफरूमचं चित्र ठरलेलं असतं. कुणाच्या पर्समध्ये खडीसाखर आणि लवंग, कुणाच्या तोंडात ज्येष्ठमधाची काडी, टेबलावर गरम पाण्याचे दोन-तीन थर्मास, आणि हजेरीपुस्तक भरता भरता कुणीतरी खुणेनंच सांगतंय की आवाज बसलाय. दीड महिना विसावलेला घसा एकदम दिवसाला पाच-सहा तासांना जुंपला जातो. वर्गात साठ-पासष्ट मुलं, डोक्यावर खडखडणारा पंखा, खिडकीबाहेर रस्ता नाहीतर मैदान. दिवाळीपर्यंत घसा कसाबसा रुळतो. कित्येकांचा रुळतही नाही.

शिक्षकांच्या ताणाचा विषय निघाला की प्राणायाम करा, फिरायला जा, छंद जोपासा असे सल्ले मिळतात. ते चुकीचे नाहीत. पण हे सगळे उपाय शाळा सुटल्यानंतरचे आहेत. ताणाचा बराचसा भाग साडेदहा ते पाचमध्ये, आवाज चढवून बोलण्यातच तयार होतो आणि तो तिथल्या तिथे कमी करता येतो. त्यासाठीची वस्तू साधी आहे: कानामागून तोंडापाशी येणारा बारीक माइक आणि कमरेला किंवा खांद्यावर अडकवायचा, तळहातात मावेल एवढा स्पीकर. टूर गाइड वापरतात तोच. दुकानात ‘पोर्टेबल व्हॉइस अॅम्प्लिफायर’ म्हणून मागावा लागतो. शाळांमध्ये त्याला कमरेचा माइक नाहीतर गळ्यातला स्पीकर म्हणतात. एका कंपनीचं एकच मॉडेल घेऊन त्याचं कौतुक करण्यापेक्षा या वस्तूचे बाजारात मिळणारे तिन्ही प्रकार इथे तपासले आहेत. कारण मॉडेलं दर वर्षी बदलतात, फसण्याच्या जागा मात्र त्याच राहतात.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. चाळीसच्या वर मुलांचा वर्ग असेल, दिवसाला चारपेक्षा जास्त तास असतील आणि संध्याकाळी घरी बोलायचं त्राण उरत नसेल, तर शिक्षकाने स्वतःसाठी करावा असा पहिला खर्च हाच. आणि त्यातही साधा वायरवाला माइक.

ओरडण्याचा हिशोब

स्वरतंतू म्हणजे कंठातल्या दोन लहान घड्या. बोलताना त्या एकमेकींवर आदळतात. बायकांच्या नेहमीच्या आवाजात सेकंदाला सुमारे २०० वेळा, पुरुषांच्या आवाजात ११०-१२० वेळा. ३५ मिनिटांचे पाच तास धरले आणि त्यातला निम्माच वेळ प्रत्यक्ष बोलणं मानलं, तरी बाईंच्या घशात दिवसाला या घड्या १० लाखांहून जास्त वेळा आदळतात. ओरडताना आवाज उंच होतो, म्हणजे ही संख्या आणखी वाढते, आणि आदळण्याचा जोरही वाढतो. तळहातावर सारखं घासलं की घट्टा पडतो, तसंच इथे घडतं. आधी सूज, मग दोन्ही घड्यांवर समोरासमोर बारीक गाठी. गाठी आल्या की घड्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजाला जोर द्यावा म्हणून माणूस आणखी ओरडतो.

यात वर्गाचाही वाटा असतो. आजूबाजूचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर लोंबार्ड यांनी १९११ साली हे दाखवून दिलं, म्हणून त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. तो शिक्षकाला लागू होतो तसाच मुलांनाही. बाईंचा आवाज चढला की बाकावरची कुजबुजही चढते, कारण शेजारच्याला ऐकू जायला हवं. मग बाई आणखी वर. ३५ मिनिटांत ही शिडी तीन-चार पायऱ्या चढते आणि तास संपतो तेव्हा शिक्षकाचे खांदे कानाशी आलेले, जबडा आवळलेला, छातीत धडधड. पुढच्या वर्गात तो याच अवस्थेत शिरतो. मान आणि जबडा आवळलेला राहिला की घशाचे स्नायूही आवळतात आणि साधं बोलायलाही जास्त जोर लागतो. ताणाने आवाज बिघडतो आणि बिघडलेल्या आवाजाने ताण वाढतो, हे शिक्षकांइतकं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५७.७ टक्के शिक्षकांना आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेला आढळला. शिक्षक नसलेल्यांत हे प्रमाण २८.८ टक्के होतं. त्याच संशोधकांच्या गटाने २००२ साली आवाजाचा त्रास असलेल्या ४४ शिक्षकांवर प्रयोग केला होता. एका गटाला घशाची निगा कशी राखायची ते शिकवलं, दुसऱ्याला असा माइक दिला, तिसऱ्याला काहीच नाही. सहा आठवड्यांनी ठळक सुधारणा दिसली ती माइकवाल्या गटात. घशाची निगा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पाणी प्या, ओरडू नका हे सांगणं सोपं असतं; पण साठ मुलांसमोर उभं राहिल्यावर ओरडल्याशिवाय पर्यायच नसेल तर तो सल्ला पाळायचा कसा? माइकमुळे तो पाळता येतो.

तीन प्रकार

पहिला, वायरवाला. स्पीकरच्या डबीतून निघालेली वायर पाठीवरून कानाशी येते. किंमत साधारण ८०० ते १,५०० रुपये. जोडणी नाही, चॅनेल नाही. बटण फिरवलं की सुरू. बहुतेक शिक्षकांना हाच पुरतो. याची दुबळी जागा एकच, पण ती हमखास: वायर. पिनेच्या मानेशी, जिथे वायर वळते तिथे आतली तार तुटते आणि आवाज येत-जात राहतो. सहा महिन्यांत असं झालं तर अख्खा संच फेकू नका, स्पीकर चांगलाच असतो. जादा हेडसेट, म्हणजे वायरसकट माइक, घेतानाच मागून ठेवावा. मोबाइलचा इअरफोन मात्र त्याजागी चालेलच असं नाही. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, या माइकच्या पिनेवर सहसा एक किंवा दोन. पीन भोकात बसते, आवाज मात्र नीट येत नाही.

दुसरा, बिनतारी. कानावरच्या माइकमध्येच बारीक बॅटरी आणि आवाज पाठवणारा ट्रान्समीटर, स्पीकरला लावायला तो पकडणारा छोटा रिसीव्हर. साधारण २,००० ते ४,००० रुपये. स्पीकर अंगावर बाळगावा लागत नाही, हा मोठा फायदा. वर्गाच्या पुढच्या कोपऱ्यात पाच फूट उंचीवर खिळ्याला अडकवला की आवाज पुढच्या बाकांच्या डोक्यावरून मागे जातो. टेबलावर ठेवला तर पहिल्या दोन रांगाच आवाज अडवतात आणि शेवटच्या बाकाला काही मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. पाठदुखी असलेल्यांना किंवा गरोदर शिक्षिकांना हा प्रकार वेगळा पैसा टाकून घेण्यासारखा आहे. तोटे दोन. चार्ज कराव्या लागणाऱ्या वस्तू दोन होतात, आणि त्यातली एक कायम विसरली जाते. शिवाय शेजारच्या वर्गात तोच संच त्याच चॅनेलवर असेल तर सातवी ‘अ’चं गणित सातवी ‘ब’मध्ये ऐकू येतं. शाळेने एकदम चार-पाच संच घ्यायचे ठरवले तर चॅनेल बदलता येणारेच घ्यावेत, आणि कुणाचा कोणता ते चिकटपट्टी लावून संचावरच लिहावं.

तिसरा, गळ्यात हाराप्रमाणे घालायचा. स्पीकर छातीवर, माइक त्याच्याच जवळ. दिसायला सुटसुटीत, पण माइक आणि स्पीकर एवढे जवळ असतात की आवाज थोडा वाढवला की शिट्टी वाजते. वीस-पंचवीस मुलांच्या शांत वर्गाला ठीक. आपल्याकडच्या भरलेल्या वर्गासाठी आम्ही सुचवणार नाही.

ब्लूटूथबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हल्ली बहुतेक स्पीकरवर ते असतं. ते फोनवरची कविता किंवा पाढे ऐकवण्यापुरतं ठेवा. ब्लूटूथ इअरफोन जोडून त्यावर शिकवायला जाल तर आपलाच आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका उशिरा कानावर येतो, आणि उशिरा येणारा स्वतःचा आवाज ऐकत बोलणं मेंदूला जमत नाही. जीभ अडखळते, शब्द लांबतात. अर्ध्या तासात डोकं दुखतं. ताण कमी करायला घेतलेल्या वस्तूने ताण वाढवायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

दुकानात काय पाहायचं

वॉटचा आकडा पाहू नका. डबीवर १० वॉट, ३० वॉट असं ठळक छापलेलं असतं. एवढ्याशा बॅटरीवर आणि दोन-अडीच इंची स्पीकरवर त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. वर्गासाठी खरे तीन ते पाच वॉट भरपूर झाले. पाहायची ती आवाजाची स्पष्टता. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि ती व्यंजनं, विशेषतः स, श, च, ट, थ, उंच पट्टीत असतात. स्वस्त स्पीकर मधल्या पट्टीत घुमतो आणि नेमकी हीच अक्षरं गिळतो. शुद्धलेखन घालताना ‘साल’ आणि ‘शाल’ यांत फरक कळला नाही, तर आवाज मोठा असूनही उपयोग शून्य.

म्हणून दुकानात ‘हॅलो, टेस्टिंग’ म्हणू नका. सोबतच्या माणसाला वीस-पंचवीस फुटांवर, पाठ करून उभं करा आणि नेहमीच्या संथ आवाजात दहा शब्द सांगा: साल, शाल, ताट, थाट, चार, जार, पान, भान, कडी, खडी. त्याने लिहून घ्यावेत. दहापैकी नऊ बरोबर आले तर घ्या. सहा आले तर दुसरा दाखवायला सांगा. मग न बोलता आवाजाचं बटण अर्ध्याच्या वर न्या आणि कान लावा. सतत ‘स्स्स’ अशी सरसर येत असेल तर ती दिवसभर कानाला टोचत राहील. वायर पिनेशी धरून हळूच वाकवून पाहा. खरखर आली तर तो हेडसेट आताच कमकुवत आहे. कानावरची तार चष्म्याच्या काडीवर बसते का, अंबाडा किंवा वेणी असेल तर मागचा कमानीचा भाग नीट राहतो का, हेही तिथेच घालून पाहावं. चष्मा आणि माइक दोन्ही कानावर टोचू लागले की माणूस आठ दिवसांत माइक काढून ठेवतो.

बॅटरी १,८०० ते २,००० मिलिअँपिअर-अवरची असली की शाळेचा दिवस निघतो. खोक्यावरचे दहा-बारा तास हे कमी आवाजावरचे असतात, भरल्या वर्गात तेवढे धरू नका. चार्जिंगला टाइप-सी असेल तर घरातलाच चार्जर चालतो. जुन्या गोल पिनेचा असेल तर त्या पिनेची वायर हरवल्यावर शोधत फिरावं लागतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घालून, ऐकून, हेडसेट बदलून घेता येतो. ऑनलाइन घ्यायचा तर परत करण्याची मुदत पाहून घ्या आणि त्या मुदतीत रिकाम्या खोलीत नाही, भरलेल्या वर्गात वापरून बघा.

लावायचा कसा

या वस्तूबद्दलच्या निम्म्याहून जास्त तक्रारी यंत्राच्या नसतात, लावण्याच्या असतात.

माइकची बोंडी ओठांच्या कोपऱ्याशी, दोन ते तीन सेंटिमीटरवर हवी. बोटाच्या एका पेराइतकं अंतर. अगदी ओठांसमोर आली तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर बसून फट्फट् आवाज येतो, म्हणून कोपऱ्याकडे. आणि लांब, हनुवटीखाली गेली तर? अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. मग आपण बटण वाढवतो, बटण वाढवलं की शिट्टी वाजते, आणि ‘हा माइक बेकार आहे’ म्हणून तो कपाटात जातो. बोंडीवरची स्पंजची टोपी काढू नका. पंख्याचा वारा तिथेच अडतो.

शिट्टी का वाजते ते एकदा समजून घेतलं की ती टाळता येते. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून निघतो, पुन्हा शिरतो. म्हणजे माइकने स्पीकरचं तोंड पाहता कामा नये. स्पीकर कमरेच्या बाजूला, तोंड मुलांकडे. खाली वाकून बाकावरची वही तपासताना माइक स्पीकरसमोर येतो, तेव्हा आधी बटण बंद. फळ्याकडे वळून लिहिताना स्पीकर भिंतीकडे वळतो आणि भिंतीवरून आवाज परत येतो. तेव्हाही शिट्टीची शक्यता असते. तसंही फळ्याकडे तोंड करून बोलणं बंदच करायला हवं. आधी लिहावं, वळावं, मग बोलावं. त्यात घशाला दिवसभरात मिळणारी ती छोटी छोटी विश्रांती फार मोलाची असते.

साडीवर कमरपट्टा लावला तर निऱ्यांवर ओझं येतं आणि उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं येतं. त्यापेक्षा पट्टा सैल करून पर्ससारखा खांद्यावरून तिरका घ्यावा. वायर पदराच्या आतून, मागून नेली की फळा पुसताना हातात अडकत नाही. शर्ट-पँटवर क्लिपने पट्ट्याला लावला की झालं. हा संच २००-३०० ग्रॅमचा असतो. पहिले दोन दिवस जाणवतो, मग नाही.

आवाज किती ठेवायचा ते पहिल्याच दिवशी ठरवून टाका. मधल्या सुट्टीत सहकाऱ्याला शेवटच्या बाकावर बसवा. घरी जेवताना बोलतो तेवढ्याच आवाजात एक परिच्छेद वाचा. शिट्टी येईपर्यंत बटण हळूहळू वाढवा, मग थोडं मागे घ्या. सहकाऱ्याला स्पष्ट ऐकू येत असेल तर बटणाच्या त्या जागी पेनाने खूण करा. मुलांनी वर्ग भरला की त्यांची अंगं आणि कपडे आवाज शोषतात, म्हणून खुणेच्या किंचित वर जावं लागेल, एवढंच.

पहिला आठवडा

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. माइक लावूनही आवाज चढलेलाच राहतो, कारण सवय जुनी आहे. मग मुलांना कर्कश वाटतं, शेजारचा वर्ग तक्रार करतो आणि घशालाही फायदा होत नाही. पहिले तीन दिवस मुद्दाम, विचित्र वाटेल इतकं हळू बोला. टेबलावर एका चिठ्ठीवर ‘हळू’ लिहून ठेवा. एखाद्या विद्यार्थ्याला सांगून ठेवलं की बाईंचा आवाज चढला की हात वर कर, तर तो हे काम अतिशय प्रामाणिकपणे करतो.

मुलांना दोन दिवस नवलाई वाटते, कुणीतरी माइकवर गाणं म्हणू का असं विचारतं. तिसऱ्या दिवशी ते विसरतात. पण वर्ग शांत करायला माइक वापरू नका. त्यासाठी टाळ्यांचा ठेका, टेबलावरची छोटी घंटी, नाहीतर हात वर करून गप्प उभं राहणं, हे आधी. वर्ग शांत झाला की मगच बोलायचं. आणि कुणाला रागवायचं असेल तर बटण बंद करून, जवळ जाऊन, एकट्यालाच. स्पीकरमधून साठ जणांसमोर आलेला राग मुलाच्या मनात फार खोल जातो, आणि रागवणाऱ्यालाही तो अर्ध्या तासात शमत नाही.

कुठे उपयोग होत नाही

पत्र्याचं छत आणि जोराचा पाऊस. कोकणात, घाटमाथ्यावर जुलैत अशा वेळी कोणताही कमरेचा माइक हरतो. आवाज वाढवून पावसावर मात करायला जाऊ नये. तो तास मूकवाचनाचा, चित्राचा, वहीतल्या उदाहरणांचा करावा. पावसाळ्यासाठी असे पाच-सहा तास आधीच तयार ठेवलेले असले की छतावर पहिला सडाका आल्यावर छातीत धस्स होत नाही.

घुमणारी खोली ही दुसरी अडचण. उघड्या भिंती, फरशी, उंच छत, एकही पडदा नाही. अशा खोलीत आधीच शब्द एकमेकांवर चढतात. माइकने ते आणखी चढतात. आधी खोलीचं पाहावं: मागच्या भिंतीवर सतरंजी किंवा जाड कापड, थर्माकोलवर लावलेल्या तक्त्यांऐवजी गोणपाटावर लावलेले तक्ते, बाकांच्या पायांना रबरी बुटं. बाक सरकवल्याचा कर्रर्र आवाज बंद झाला तरी गोंगाट बराच उतरतो. पंख्याचा बुश झिजून खडखडत असेल तर तो आधी बदलून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलच्या आत हवा. आपल्या भरवस्तीतल्या शाळांत तो आकडा दूर आहे; पण खडखडता पंखा दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

अर्ध्या भिंतीने किंवा लाकडी पार्टिशनने दोन वर्ग वेगळे केले असतील तर एकट्याने माइक आणू नये. शेजारच्या शिक्षकाला मग ओरडावं लागतं, म्हणजे आपला ताण त्याच्या गळ्यात. दोघांनी मिळून ठरवावं: दोघांकडे माइक, दोघांचाही आवाज कमीत कमी, नाहीतर एकाचा बोलण्याचा तास तेव्हा दुसऱ्याचा लेखनाचा. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत वीसएक मुलं आणि एका खोलीत दोन इयत्ता असतील तर हा खर्च करू नका. तिथे मुलांमध्ये, गोल करून बसणं जास्त कामाचं. आणि मैदानावरच्या परिपाठाला हा स्पीकर पुरत नाही; त्याला शाळेची मोठी यंत्रणाच लागते.

माइक आला म्हणून घसा अमर होत नाही. ऑफ तासाला शक्य तेवढं गप्प बसावं. बदली तास आला तर त्यात वाचन द्यावं. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यातही बऱ्याच जणांचा घसा आवळलेलाच राहतो. सारखं खाकरण्याने स्वरतंतू एकमेकींवर जोरात घासतात. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला बरं वाटतं, पण यातलं काहीही स्वरतंतूंना लागत नाही, कारण ते श्वासनलिकेच्या तोंडाशी आहेत आणि गिळलेलं अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू ओले राहतात ते दिवसभर थोडं थोडं पाणी पिण्याने आणि वाफेने. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येऊन सकाळी आवाज जाड होतो. शिक्षकांत हे कारण बरेचदा दुर्लक्षित राहतं. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर माइकवर भागवत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्या. गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त असेल, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर तीन आठवडेही थांबू नका.

मनावरचा भार आवाजापुरता नसेल, झोप उडाली असेल, शाळेच्या फाटकाशी पाय अडत असेल, तर त्याला हे यंत्र उत्तर नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक स्टाफरूमच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.

निगा

हेडसेट प्रत्येकाचा स्वतःचा असावा. स्पीकर दोघांत वाटून घेतला तरी चालतो, स्पंजची टोपी नाही. सर्दी-खोकला तिथूनच फिरतो. आठवड्यातून एकदा टोपी काढून साबणाच्या पाण्यात चोळावी, पिळून सावलीत पूर्ण वाळवून मगच लावावी. ओली टोपी लावली की माइक दबका येतो आणि आत ओल जाते. दांडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. वायर बोटांभोवती करकचून गुंडाळू नये. सैल वेटोळं करून डबीत ठेवावी. खडूची पूड स्पीकरच्या जाळीत बसते, ती कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी.

रोज रात्री फोनसोबत चार्जिंगला लावावा आणि सकाळी डब्याच्या पिशवीतच टाकावा, म्हणजे विसरत नाही. एप्रिलअखेर निकाल लागले की तो पूर्ण उतरलेल्या बॅटरीनिशी शाळेच्या कपाटात टाकून सुट्टीवर जाऊ नका. दीड महिना पत्र्याच्या खोलीतल्या उकाड्यात, शून्यावर पडून राहिलेली लिथियम बॅटरी जूनमध्ये चार्ज धरत नाही, कधी कधी फुगते. निम्मी चार्ज करून घरी, सावलीत ठेवा, आणि शाळा उघडायच्या आदल्या रविवारी एकदा पूर्ण चार्ज करून दहा शब्दांची तीच चाचणी पुन्हा घ्या. डबी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी त्याच्याकडेच द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.